कौलांचा रंग

बऱ्याच महिन्यांनी लिहायला बसलोय. मध्ये काय झालं ते घरच्या मंडळींना ठाऊक आहेच. बाकीच्यांसाठी एवढंच, की आई गेली. चौदावा दिवस झाल्यावर मी रत्नागिरीहून परत न्यू जर्सीला यायला निघालो, तेव्हा दादाने भिंतीवरचं एक लाकडी चित्र काढून आईच्या जुन्या सुती पातळात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. "हे तू ने. तुझंच आहे."

माझंच होतं. २०१२ साली मीच केलेलं. त्याच्या आदल्या वर्षी आमचं देवरुखजवळचं घर विकलं गेलं. आईला काहीतरी द्यावं म्हणून मी त्या घराचं चित्र केलं, पण रंगवलेलं नाही. वेगवेगळ्या रंगांची लाकडं कापून, तुकड्याला तुकडा भिडवून. भिंती मेपलच्या, पडवीचे खांब अक्रोडाचे. दार फणसाचं, कारण आमच्याकडे एक मोडका पाट होता, त्याचा तुकडा मी जपून आणला होता. कौलं पदौकची. पदौक हे आफ्रिकेतलं लाकूड, ताजं कापलं की शेंदरी-लाल दिसतं, भुसासुद्धा कुंकवासारखा. आणि तुळस? इथे पॉप्लर नावाचं एक स्वस्त लाकूड मिळतं, त्याच्या गाभ्यात चक्क हिरवट छटा असते. एकही थेंब रंग न वापरता लाल कौलं आणि हिरवी तुळस! फार खूश होतो मी तेव्हा स्वतःवर.

इथे आल्यावर पातळ सोडलं आणि चित्र टेबलावर ठेवलं. कौलं तपकिरी. तुळस तपकिरी. दार तपकिरी. मेपल पिवळं पडलेलं, आणि अक्रोड मात्र उलट फिकट झालेलं. लांबून पाहिलं तर सगळं घर एकाच रंगात विरघळल्यासारखं. दादाच्या हॉलमध्ये गॅलरीच्या समोर होतं ते, दुपारचं ऊन थेट यायचं. दादाला फोन करून विचारलं तर म्हणाला, "रंग गेला? असंच होतं ना ते पहिल्यापासून?"

बायको म्हणाली, "घास की मग. वरचा थर गेला की लाल निघेल." बरोबर आहे तिचं. पदौक वरवरच तपकिरी होतं. पॉलिश पेपरने थोडं घासलं की आतून पुन्हा लाल. मशीन काढलं, पेपर लावला, आणि... हात चालेना. मग माझं नेहमीचंच. काम टाळायचं असलं की मी इतिहास वाचायला बसतो.

ह्या कामाला 'इंटार्सिया' म्हणतात. शब्द इटालियन, पण त्याचं मूळ बरेच जण अरबी 'तर्सी' म्हणजे जडवण्याच्या कामात शोधतात. उर्दूतला 'मुरस्सा' म्हणजे रत्नजडित, तो त्याच धातूचा. म्हणजे जडाव. आम्ही हौशी लोक करतो तो प्रकार मात्र बराच नवा. १९८० च्या दशकात अमेरिकेत जुडी गेल रॉबर्ट्स ह्या बाईंनी तो लोकप्रिय केला. जाड लाकूड घ्यायचं, स्क्रोल सॉच्या बारीक पात्याने तुकडे कापायचे, प्रत्येकाची कड गोलसर घासायची आणि सगळे एका प्लायवर चिकटवायचे. त्यामुळे चित्राला उठाव येतो. पक्षी, घोडे, दीपस्तंभ, गॅरेजमध्ये बसून करण्यासारखं काम. मी २००६ मध्ये शिकलो, एका निवृत्त शेजाऱ्याकडून. बर्फाच्या दिवसांत दुसरं करायचं काय!

मूळ इटालियन काम मात्र सपाट. लाकडाचे पातळ तुकडे पाटावर इतके बेमालूम बसवायचे, की हात फिरवला तर सांधा लागू नये. चौदाव्या शतकात सिएनाच्या कारागिरांनी ऑर्व्हिएतोच्या कॅथीड्रलमध्ये असं काम केलं. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सने त्याला वेड लागेपर्यंत नेलं. बेनेदेत्तो देई नावाच्या फ्लॉरेन्सच्या माणसाने १४७० च्या दशकात आपल्या शहराची मोजदाद लिहून ठेवली आहे. त्यात लाकडाच्या जडावाची आणि कोरीवकामाची ८४ दुकानं आहेत, आणि खाटकांची ७०. विचार करा, मटणापेक्षा जडाव जास्त विकणारं गाव!

हे वेड नेमकं त्याच वेळी का लागलं? कारण तेव्हाच चित्रकारांना पर्स्पेक्टिव्हचं गणित सापडलं होतं. लांबची वस्तू लहान का दिसते, रस्त्याच्या दोन कडा दूरवर एका बिंदूत कशा मिळतात, ह्याचे नियम. आणि ते नियम दाखवायला लाकडासारखं माध्यम नाही. लाकडाचा तुकडा मुळातच सरळ रेषेत कापायला सोपा. चौकोनी फरशा, उघडी कपाटं, दूर जाणारे रस्ते, सगळं सरळ कडांचं. माणसाचा गाल लाकडात काढायला कठीण, पण अर्धं उघडलेलं दार? ते लाकूड आनंदाने करतं.

असं एक आख्खं खोलीभर काम माझ्या घरापासून दीड तासावर आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये. इटलीतल्या गुब्बिओ गावच्या राजवाड्यातली ती अभ्यासिका. उर्बिनोचा ड्यूक फेदेरिगो दा मोन्तेफेल्त्रो ह्याने ती करवून घेतली, साधारण १४७८ ते १४८२ च्या दरम्यान. हा गृहस्थ भाडोत्री सेनापती. पैसे घेऊन लढाया करायच्या आणि त्या पैशांतून पुस्तकं जमवायची. एका झुंजीत उजवा डोळा गेलेला, म्हणून चित्रांत तो नेहमी डाव्या बाजूने दिसतो. उर्बिनोला त्याची अशीच एक अभ्यासिका आधी झाली होती, ती अजून जागेवर आहे. गुब्बिओची मात्र १८७४ मध्ये निघाली, विकली गेली, बरीच वर्षं रोमजवळच्या एका व्हिलात राहिली, आणि १९३९ मध्ये ह्या म्युझियमने विकत घेतली.

खोली लहानशी. जेमतेम सतरा फूट बाय साडेबारा फूट, भिंती वाकड्यातिकड्या, उंची मात्र सोळा फुटांच्या आसपास. आत पाऊल टाकलं की चारी बाजूंना जाळीच्या दारांची कपाटं दिसतात. काही दारं अर्धवट उघडी. आत पुस्तकं, वीणेसारखी ल्यूट, वाळूचं घड्याळ, पिंजऱ्यात पोपट. खाली बाकं, त्यांच्या फळ्या काही उचललेल्या, काही टेकवलेल्या. ह्यातलं काहीही नाही. सगळ्या सपाट भिंती. खोलीला एक खरी खिडकी आहे, आणि तिच्यातून उजेड जसा पडेल तशाच सावल्या लाकडात बसवलेल्या आहेत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझी मुलगी सहा वर्षांची होती. तिने सरळ दार लावायला हात पुढे केला आणि पहारेकरी ओरडला.

आराखडा बहुधा फ्रान्चेस्को दी जॉर्जिओचा, काम फ्लॉरेन्सच्या जुलिआनो दा मायानोच्या कारखान्यातलं. ह्या जुलिआनोनेच फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलमधल्या उत्तरेकडच्या सामानखोलीचं जडावकाम पूर्ण केलं होतं. आता गंमत बघा. २६ एप्रिल १४७८ ला त्याच कॅथीड्रलमध्ये लोरेन्झो दे मेदिचीवर मारेकरी धावून गेले. भाऊ मेला, लोरेन्झो जखमी होऊन पळाला आणि लपला तो नेमका त्या जडावाच्या खोलीत, दारं आतून लावून. आणि ह्या कटात सामील कोण होतं? आपला पुस्तकप्रेमी फेदेरिगो. त्याचं सांकेतिक लिपीतलं पत्र मार्चेल्लो सिमोनेत्ता ह्या अभ्यासकाने एकविसाव्या शतकात उलगडलं, तेव्हा हे पक्कं झालं. ६०० सैनिक फ्लॉरेन्सच्या बाहेर तयार ठेवले होते त्याने. म्हणजे एकाच कारखान्याच्या हाताने बनवलेल्या दोन खोल्या. एकीत जीव वाचवणारा माणूस, दुसरीत तो घ्यायला निघालेला.

फेदेरिगोला ही खोली फारशी वापरता आलीच नाही. १४८२ च्या सप्टेंबरात तो लढाईवर असतानाच तापाने गेला. मुलगा गुइदोबाल्दो दहा वर्षांचा. भिंतीवरच्या एका आरशात मुलाच्या नावाची अक्षरं ड्यूक म्हणून घातलेली आहेत, ती बापाच्या नंतरची. बापाने सुरू केलेलं काम मुलाच्या नावाने पुरं झालं.

जुलिआनोचा धाकटा भाऊ बेनेदेत्तो. त्याची गोष्ट जॉर्जिओ वासारीने लिहिली आहे, आणि ती वाचून मला भयंकर बरं वाटलं होतं. बेनेदेत्तोने हंगेरीच्या राजासाठी, मात्यास कॉर्व्हिनससाठी, जडावाच्या दोन सुंदर पेट्या केल्या आणि त्या घेऊन स्वतः निघाला. वाटेत समुद्रप्रवास. राजासमोर मेणकापड सोडलं, तर दमट हवेने सरस सुटलेला, आणि तुकडे भराभर जमिनीवर! लाजेने मेल्यासारखं झालं बिचाऱ्याला. त्याने ते कसंबसं नीट केलं, पण लाकडावरून त्याचं मन उडालं आणि तो संगमरवराकडे वळला. पुढे शिल्पकार म्हणूनच नाव काढलं.

मला बरं का वाटलं, तर माझी पहिली भेट, एक खंड्या पक्षी, मी दादाला पाठवला होता २००८ मध्ये. ऐन जुलैत पोचला. रत्नागिरीचा जुलै! प्लाय फुगलं, आणि वहिनीने एक दिवस फोनवर हळूच सांगितलं, "भाऊजी, तुमच्या खंड्याची चोच पडली हो. मी डबीत ठेवली आहे." मी काही संगमरवराकडे वळलो नाही. पुढच्या वेळी जाताना डिंक घेऊन गेलो.

ह्याच वासारीने इंटार्सियावर जो निकाल दिला आहे तो मात्र जिव्हारी लागतो. १५५० साली त्याचं चित्रकारांच्या चरित्रांचं पुस्तक आलं. त्यात तो म्हणतो त्याचा अर्थ असा, की हे काम करणाऱ्यांकडे चित्रकलेपेक्षा चिकाटीच जास्त असते. चित्राची नुसती नक्कल, चित्रापेक्षा कमी टिकणारी. लाकूड काळं पडतं, किडे खातात, आग लागते. कौतुक करावं, पण वेळ फुकट गेलेला. माझ्या ओळखीचे किती तरी लोक हेच म्हणतात, फक्त वासारी न वाचता. शनिवार-रविवार गॅरेजमध्ये घालवून एक पक्षी, त्यापेक्षा बाजारात जाऊन फ्रेम आण ना!

काळं पडतं हे कारागिरांनाही माहीत होतं. आपापल्या परीने प्रत्येकाने त्याच्याशी झुंज दिली. व्हेरोनाच्या फ्रा जिओव्हान्नी ह्या साधूने लाकूड रंगीत पाण्यात आणि तेलात मुरवून छटा वाढवल्या. कुणी लाकडाची कड भाजून सावली आणली. पण मला सर्वांत आवडते ती हिरव्या रंगाची गोष्ट. जंगलात पडून कुजायला लागलेल्या काही लाकडांवर एक बुरशी वाढते, ती आतपर्यंत निळसर-हिरवा रंग सोडते. इटालियन कारागीर असले तुकडे शोधून आणत आणि पानं, पक्ष्यांची पिसं त्यांतून करत. १९९२ मध्ये म्युझियमच्या संवर्धकांनी वनस्पतिरोगांच्या एका तज्ज्ञाबरोबर ह्यावर शोधनिबंध लिहिला. पाचशे वर्षं झाली तरी तो हिरवा टिकून आहे. माझी पॉप्लरची तुळस काही वर्षांत तपकिरी झाली, आणि कुजक्या लाकडाचा हिरवा राहिला. सुतार जे लाकूड टाकून देतो, ते!

बाकीचे रंग मात्र गेले. आज ती खोली सोनेरी-तपकिरी दिसते, आणि आपल्याला वाटतं, वा, काय जुन्या लाकडाची शान! फेदेरिगोला दाखवली असती तर कदाचित त्याने विचारलं असतं, रंग कुठे गेले? १९८७ पासून जवळजवळ नऊ वर्षं ह्या खोलीवर संवर्धनाचं काम चाललं, १९९६ मध्ये ती पुन्हा खुली झाली. तुकडा-तुकडा तपासला, स्वच्छ केला, सुटलेला बसवला. पण तासून ताजा रंग काढणं हा त्यांच्यापुढे पर्यायच नव्हता. तासलं की लाकूड कमी होतं. थोडा रंग मिळतो, आणि कारागिराच्या सुरीने सोडलेली कड जाते. ज्यांना ताजा रंग बघायचा असेल त्यांच्यासाठी दुसरी वाट निघाली. गुब्बिओच्याच कारागिरांनी ह्या खोलीची हुबेहूब प्रतिकृती केली आणि २००९ मध्ये ती मूळ राजवाड्यात बसवली. म्हणजे मूळ खोली परदेशात, आणि घरी तिची नवी नक्कल. आमच्या घराच्या बरोब्बर उलट.

आणखी एक गोष्ट सांगतात. १५३० मध्ये सम्राट पाचवा चार्ल्स राज्याभिषेकासाठी बोलोन्याला आला होता. तिथल्या सान दोमेनिको चर्चमध्ये बेर्गामोच्या फ्रा दामिआनोचं जडावकाम पाहून त्याचा विश्वासच बसेना. हे लाकूड नाही, रंगवलेलं आहे म्हणाला. आणि खंजीर काढून एक कपचा उडवून पाहिला. लाकूडच निघालं!

हे वाचलं आणि मी उठून टेबलापाशी गेलो. मशीन बंदच ठेवलं. बारीक पेपरचा एक चिटोरा घेतला, आणि छपराची वरची कड, जी भिंतीवर टांगल्यावर कुणाला दिसत नाही, तिथे चार-पाच वेळा घासला. लाल भुसा बोटाला लागला. नखाएवढी जागा, पण २०१२ चा रंग जसाच्या तसा.

आणि तेव्हाच आठवलं. २०१७ मध्ये रत्नागिरीला गेलो होतो, तेव्हाच मला पहिल्यांदा जाणवलं होतं की रंग उतरतोय. मी वर्ष-दीड वर्षाने जायचो, त्यामुळे मलाच दिसणार. रोज समोर बसून चहा पिणाऱ्याला असं काही दिसत नसतं. मी आईला म्हटलं होतं, "आई, कौलांचा रंग गेला गं. ह्या वेळी घेऊन जातो, नीट करून देतो." ती शेंगा सोलत होती. वर न बघताच म्हणाली, "कौलं लाल असतात होय रे? पहिला पाऊस पडेपर्यंत. आपली मी लग्न होऊन आले तेव्हापासून काळीच होती. राहू दे."

खरंच की. उत्तरेच्या बाजूला तर शेवाळाने इतकी काळी, की उन्हाळ्यात घासली तरी जायचं नाही. लाल कौलं मी कुठून आणली होती? शाळेतल्या चित्रकलेच्या वहीतून असावीत. डोंगर, मधून सूर्य, नारळ आणि लाल छपराचं घर. इतक्या लांब बसून मी आईला तिच्याच घराचं चित्र दिलं होतं, तेही चुकीच्या रंगात, आणि ती काही बोलली नव्हती. उन्हाने पाच वर्षं घेतली ते दुरुस्त करायला.

तर मंडळी, चित्र घासलेलं नाही. स्वयंपाकघरात लावलंय. दादा, तुझ्या हॉलच्या भिंतीवर तेवढा चौकोन आता पांढरा दिसत असेल. उरलेल्या फणसाच्या पाटाचं काहीतरी करून पाठवतो. ह्या वेळी पाऊस संपल्यावर.